मंजुरी आदेशाचे पान उलटल्यावर

वाचकांचे प्रश्न

या महिन्यात पालघरपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या वाचकांनी एकाच विषयावर इतकी पत्रे पाठवली आहेत की वारस नोंदी आणि सातबाऱ्यावरचे प्रश्न पुढील अंकासाठी राखून ठेवावे लागले. विषय आहे आपत्ती व सुरक्षा यांच्या पूर्वतयारीसाठी शासनाकडून मिळणारी अनुदाने आणि त्यांच्यासोबत येणाऱ्या अटी. कोकण किनाऱ्यावर या दोन बाबी एकमेकींपासून तोडता येत नाहीत. १९९३ साली श्रीवर्धन तालुक्यातील शेखाडीच्या किनाऱ्यावर स्फोटके उतरवली गेली, २६ नोव्हेंबर २००८ रोजी हल्लेखोर समुद्रमार्गेच मुंबईत शिरले आणि ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळानेही श्रीवर्धन-दिवेआगरच्याच पट्ट्यात जमीन गाठली. भोंगा, जनरेटर, बिनतारी संच ही साधने दोन्ही प्रसंगी लागतात. पैसा मात्र निरनिराळ्या विभागांकडून, निरनिराळ्या अटी घेऊन येतो आणि गोंधळ तेथून सुरू होतो. निवडक प्रश्नांची उत्तरे पुढे दिली आहेत.

प्रश्न : आमच्या ग्रामपंचायतीला आपत्ती पूर्वतयारीसाठी जनरेटर, भोंगा, सर्चलाइट आणि लाइफ जॅकेट खरेदी करण्यास जिल्ह्याकडून निधी मंजूर झाला आहे. आदेशाला दोन पाने भरून अटी जोडल्या आहेत. ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात की अशा अटी प्रत्येक आदेशाला असतात, त्यांत वाचण्यासारखे काही नाही. कोणत्या अटींकडे विशेष लक्ष द्यावे?
— सरपंच, श्रीवर्धन तालुका

उत्तर : सरपंच महोदया, ग्रामपंचायत अधिकाऱ्यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे, अटींचा मजकूर एका आदेशातून दुसऱ्यात जसाच्या तसा उतरवलेला असतो. मात्र लेखापरीक्षण पथक येते तेव्हा तेच दोन कागद समोर ठेवून एकेका अटीपुढे खूण करत जाते आणि ज्या अटीपुढे खूण होत नाही तिचा आक्षेप तयार होतो. त्यामुळे आदेश हाती आला की पुढच्याच मासिक सभेत तो संपूर्ण वाचून घ्यावा व वाचल्याची नोंद इतिवृत्तात करावी.

वाचताना सुरुवात अगदी वरून, ‘वाचा’ या शब्दाखाली दिलेल्या संदर्भांपासून करावी. तेथे जुन्या शासन निर्णयांचे क्रमांक व दिनांक असतात आणि खाली अटींमध्ये कोठेतरी ‘संदर्भाधीन शासन निर्णयांतील तरतुदींचे काटेकोर पालन करावे’ असे एक वाक्य असते. खरी मेख त्या वाक्यात आहे. खरेदीची पद्धत, कोणत्या रकमेपर्यंत दरपत्रके चालतील व कोणत्या रकमेपुढे निविदा लागेल, साहित्याचे तांत्रिक तपशील कोणी ठरवायचे, हे सारे त्या जुन्या निर्णयांत असते आणि ते न मिळवताच बहुतेक ठिकाणी खरेदी उरकली जाते. शासनाच्या संकेतस्थळावरून हे निर्णय उतरवून घेऊन धारिकेत लावावेत.

त्यानंतर लेखाशीर्ष पाहावे, कारण पैसा कोणत्या निधीतून आला यावर तो कशासाठी वापरता येईल हे ठरते. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांसाठी राज्यांच्या आपत्ती जोखीम व्यवस्थापनाकरिता एकूण १,६०,१५३ कोटी रुपये ठरवून दिले आणि त्यांची विभागणीही घालून दिली. त्यांतील २० टक्के सौम्यीकरणासाठी, म्हणजे आपत्तीची झळ मुळातच कमी करणाऱ्या कामांसाठी, आणि ८० टक्के प्रतिसादासाठी. या ८० टक्क्यांत पुन्हा ४० मदत व बचावाचे, ३० पुनर्बांधणीचे आणि अवघे १० सज्जता व क्षमताबांधणीचे. महाराष्ट्रासारख्या राज्यात या निधीतील ७५ टक्के वाटा केंद्राचा आणि २५ टक्के राज्याचा असतो. प्रतिसादातील तीन भागांमध्ये थोडे फेरवाटप होऊ शकते, परंतु सौम्यीकरण आणि प्रतिसाद या दोन निधींची आपसांत अदलाबदल करता येत नाही. आणि फेरवाटपाचा तो अधिकारही राज्य पातळीवरचा आहे, गावपातळीवरचा नव्हे. म्हणून तुमचा निधी सज्जतेच्या भागातून आला असेल तर त्यातून खारबंधाऱ्याची फुटलेली बाजू दुरुस्त करणे, ती दुरुस्ती कितीही निकडीची असली तरी, अटीचा भंग ठरेल.

हाच न्याय बचतीला लागू होतो. जनरेटर अंदाजपत्रकापेक्षा स्वस्तात मिळाला आणि उरलेल्या पैशांत ग्रामपंचायतीच्या पडवीला पत्रे घातले, असे आपल्याकडे सर्रास होते व त्यात कोणाची नियत वाईट असतेच असे नाही. तरीही मंजूर यादीत नसलेला खर्च हा मंजूर यादीत नसलेला खर्चच राहतो. उरलेली रक्कम वापरायची असेल तर मंजुरी देणाऱ्या प्राधिकाऱ्याची लेखी पूर्वपरवानगी घ्यावी आणि ती मिळत नसेल तर रक्कम परत करावी. पैसा केंद्राच्या योजनेतून आला असेल तर सर्वसाधारण वित्तीय नियम, २०१७ प्रमाणे त्या रकमेवर बँकेत मिळालेले व्याजही शासनाचे असते व हिशेब पूर्ण होताच ते भरावे लागते. योजनेसाठी स्वतंत्र खाते ठेवण्याची अट असते ती याच कारणाने. ग्रामनिधीच्या खात्यात मिसळलेल्या रकमेचे व्याज वेगळे काढणे हा नंतर डोकेदुखीचा प्रकार होतो.

उपयोगिता प्रमाणपत्राची मुदत त्याच नियमांनुसार आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांची आहे. आदेशात त्याहून कमी मुदत दिली असल्यास ती पाळावी. हे प्रमाणपत्र म्हणजे पैसे संपल्याचा दाखला नाही. ज्या कामासाठी रक्कम दिली त्याच कामासाठी ती वापरली आणि अटी पूर्ण झाल्या, असे त्यावर सही करणारा लिहून देत असतो. साहित्य गावात पोहोचण्यापूर्वी अशी सही करू नये.

आता मार्चविषयी. निधी वितरणाचा आदेश मार्चच्या शेवटच्या आठवड्यात काढायचा आणि रक्कम ३१ मार्चपूर्वी खर्ची टाकण्याची अट घालायची, ही शासनाची जुनी खोड आहे. अशा वेळी पुरवठादार ‘बिल आज घ्या, माल एप्रिलमध्ये उतरवतो’ असे सुचवतो. त्याला नकार द्यावा. मुदतवाढीचा प्रस्ताव गटविकास अधिकाऱ्यांमार्फत त्याच आठवड्यात लेखी पाठवावा व पोच घ्यावी. निधी व्यपगत झाला तरी तो पुन्हा मागता येतो, पण न आलेल्या मालाचे बिल दिल्याचा आक्षेप सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी या दोघांच्या नावावर वसुलीसह चिकटतो.

साहित्य येईल त्या दिवशी एक तास काढावा. जनरेटरच्या बाजूला खिळवलेल्या पट्टीवरील अनुक्रमांक, बिलावरील अनुक्रमांक आणि हमीपत्रावरील अनुक्रमांक एकच आहे का, हे समिती सदस्यांच्या देखत ताडून पाहावे. लाइफ जॅकेटच्या आतल्या बाजूला शिवलेल्या चिठ्ठीवर किती वजनाच्या माणसासाठी ते आहे हे लिहिलेले असते. मागणी प्रौढांसाठीची आणि पुरवठा लहान मुलांच्या मापाचा असा प्रकार बिलावरून कधीच कळत नाही. नंतर जडवस्तू संग्रह नोंदवहीत त्याच दिवशी नोंद घ्यावी, बिलावर नोंदवहीचे पान लिहावे आणि वस्तूवर योजनेचे नाव व वर्ष रंगवून घ्यावे. वस्तू निकामी झाल्यावर ती भंगारात काढण्यासही अनुदान देणाऱ्याची पूर्वमान्यता लागते, हे पुढच्या कार्यकारिणीला सांगून ठेवावे.

प्रश्न : मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाच्या वेळी रस्त्यावर पडलेली झाडे हटवण्यासाठी आम्ही जेसीबी आणि लाकूड कापण्याची यंत्रे भाड्याने घेतली. दरपत्रके मागवण्यास वेळ नव्हता. आता लेखापरीक्षणात ‘विहित कार्यपद्धतीचा अवलंब केला नाही’ असा आक्षेप आहे आणि रक्कम वसूलपात्र ठरवली आहे. आपत्तीच्या काळात निविदेची अट नसते ना?
— माजी सरपंच, दापोली तालुका

उत्तर : आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ मधील कलम ५० अशा प्रसंगासाठीच आहे, परंतु ते तुम्ही समजता तितके मोकळे नाही. राष्ट्रीय, राज्य किंवा जिल्हा प्राधिकरणाची अशी खात्री झाली की बचाव वा मदतीसाठी तातडीने साहित्य घेणे आवश्यक आहे, तर ते प्राधिकरण एखाद्या विभागास किंवा यंत्रणेस तातडीच्या खरेदीसाठी प्राधिकृत करू शकते आणि तशा प्राधिकृत खरेदीपुरती निविदा मागवण्याची नेहमीची पद्धत शिथिल झाली असे मानले जाते. म्हणजे सवलत वादळामुळे आपोआप मिळत नाही. ती प्राधिकरणाच्या अधिकारातून मिळते आणि जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. सरपंचाने स्वतःहून केलेल्या खर्चाला हे कलम परस्पर लावता येत नाही.

असे असले तरी तुमची बाजू लंगडी आहे असे मी म्हणणार नाही. त्या दिवसांत जिल्हाधिकारी किंवा तहसीलदार कार्यालयाकडून रस्ते मोकळे करण्याविषयी लेखी आदेश, परिपत्रक, निदान अधिकृत गटावरील संदेश आला असल्यास त्याची प्रत शोधावी. याच कलमात दुसरीही एक सोय आहे, जिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही : प्राधिकरणाने नेमलेल्या नियंत्रक अधिकाऱ्याने साहित्याच्या वापराबाबत दिलेले प्रमाणपत्र हे हिशेबासाठी वैध प्रमाणक मानले जाते. त्या वेळी पाहणीला आलेले मंडळ अधिकारी किंवा नायब तहसीलदार यांचे अहवाल तहसील कार्यालयात असतातच. त्यांच्या आधारे तहसीलदारांमार्फत जिल्हा प्राधिकरणाकडे कार्योत्तर मंजुरीचा प्रस्ताव पाठवावा आणि प्रस्ताव प्रलंबित असल्याचे अनुपालन अहवालात नमूद करावे.

सोबत कोणते कागद जोडता यावर बरेच अवलंबून राहील. जेसीबीच्या चालकाची वही, म्हणजे कोणत्या वाडीत किती वाजता सुरू झाला व किती वाजता थांबला याची नोंद, ही एका पानाची वस्तू दहा शिफारसपत्रांपेक्षा उपयोगी आहे. छायाचित्रे असल्यास ती मूळ फोनमधून काढावीत, कारण मूळ फाइलमध्ये दिनांक व वेळ टिकून असते. गटांवर फिरून आलेल्या प्रतीत ती राहत नाही. दर त्या काळच्या बाजारभावाला धरून होते हे दाखवण्यासाठी शेजारच्या ग्रामपंचायतीने त्याच आठवड्यात दिलेले दर पुरेसे ठरू शकतात. खोटे बिल मात्र एकही जोडू नये. याच अधिनियमाच्या कलम ५२ खाली मदतीसाठी खोटा दावा करणे आणि कलम ५३ खाली आपत्तीसाठीच्या पैशाचा किंवा साहित्याचा अपहार करणे यांसाठी दोन वर्षांपर्यंत कारावास व दंड आहे.

सध्याच्या कार्यकारिणीने यातून एवढे करावे : दरवर्षी एप्रिलमध्ये जेसीबी, झाड कापणारे, टँकर, होडी यांची दरपत्रके रीतसर मागवून मासिक सभेत दर मंजूर करून ठेवावेत आणि ती यादी तहसीलदारांकडे पाठवून द्यावी. पावसाळ्यात काही न घडल्यास या कागदाला खर्च शून्य आहे.

प्रश्न : ७ मे २०२५ रोजी देशभर नागरी संरक्षणाची रंगीत तालीम झाली तेव्हा आमच्या गावात भोंगाच नाही हे सर्वांच्या लक्षात आले. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातून भोंगा आणि सीसीटीव्ही घेता आले असते का?
— ग्रामपंचायत सदस्य, उरण तालुका

उत्तर : बंधित निधीतून नाही, अबंधितातून, आराखड्यात कामाचा समावेश असल्यास, होय. या आयोगाच्या ग्रामपंचायतींसाठीच्या अनुदानात ६० टक्के रक्कम पाणीपुरवठा व स्वच्छतेसाठी बांधलेली होती आणि ४० टक्के अबंधित होती, जिच्यातून पगार व आस्थापना खर्च वगळता स्थानिक गरजेची कामे घेता येत होती. त्यासाठी काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात असणे आणि ई-ग्रामस्वराज प्रणालीवर चढवलेले असणे आवश्यक होते. आयत्या वेळी सुचलेला भोंगा यात बसत नाही.

तालमीच्या सुमारास, ९ मे २०२५ रोजी, केंद्रीय गृहमंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवून १९६८ च्या नागरी संरक्षण नियमांचा आधार घेत तातडीच्या खरेदीचे अधिकार वापरण्यास सांगितले होते. त्या पत्राचा हवाला देऊन काही ग्रामपंचायतींनी थेट खरेदीचे ठराव केल्याचे वाचकांच्या पत्रांवरून दिसते. ते अधिकार राज्याच्या नागरी संरक्षण संचालकांना द्यावयाचे होते, ग्रामपंचायतींना नव्हे. उरणचे नाव नागरी संरक्षणाच्या यादीत वरच्या वर्गात असल्यामुळे तुमच्या गावासाठी नागरी संरक्षण यंत्रणेकडेच भोंग्याची मागणी नोंदवणे हा अधिक सरळ मार्ग आहे.

प्रश्न : मी आपदा मित्र (आपत्तीत मदत करणारा प्रशिक्षित स्वयंसेवक) म्हणून प्रशिक्षण घेतले व मला बचाव साहित्याचा संच मिळाला. नोकरीसाठी मुंबईला जात आहे. संच परत करावा लागेल का?
— एक युवक, गुहागर तालुका

उत्तर : संच घेताना ज्या पोचपावतीवर सही केली तिची प्रत जिल्हा आपत्ती व्यवस्थापन अधिकाऱ्यांकडे पाहावी आणि तिच्यातील मजकुराप्रमाणे वागावे. तालुक्यासाठी ठेवलेले सामायिक साहित्य तुमच्याकडे असल्यास ते मात्र निघण्यापूर्वी जमा करून पावती घ्यावी. प्रशिक्षणासोबतचा विमा तीन वर्षांचा असतो; त्याची मुदत कधी संपते तेही त्याच भेटीत विचारून घ्यावे.

प्रश्न : आमच्या संस्थेच्या काही सभासदांनी सुरक्षा साहित्य बाजारातून विकत घेतले आणि नंतर प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत अर्ज केला. अर्ज नाकारले गेले. शिवाय एका सभासदाने नौका विकली असून तिच्यावर शासनाने मोफत बसवलेला ट्रान्सपाँडर (संकटाचा संदेश पाठवणारा संच) आहे. तो कोणाचा?
— सचिव, मच्छीमार सहकारी संस्था, मालवण तालुका

उत्तर : या योजनेत वैयक्तिक लाभार्थ्यास एकक किमतीच्या ४० टक्के आणि अनुसूचित जाती, जमाती व महिला लाभार्थ्यांस ६० टक्के अर्थसाहाय्य मिळते, बाकीचा वाटा लाभार्थ्याचा असतो. परंतु साहाय्य मंजूर प्रस्तावाला मिळते, झालेल्या खरेदीला नाही. बिलाचा दिनांक मंजुरीच्या आधीचा असेल तर अर्ज बाद होणारच आणि अपिलातही फारसा फरक पडणार नाही. संस्थेने सूचना फलकावर एवढे एकच वाक्य ठळक लिहून ठेवले तरी पुढील नुकसान टळेल. मंजुरी येईपर्यंत पावसाळी मासेमारी बंदीचा ३१ जुलै उलटून नौका पाण्यात गेलेल्या असतात, ही सभासदांची तक्रार मला ठाऊक आहे व ती रास्तही आहे. म्हणून अर्ज १ जूनला बंदी सुरू होईपर्यंत थांबवू नयेत, डिसेंबर-जानेवारीतच द्यावेत.

ट्रान्सपाँडरची गोष्ट वेगळी आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथून आरंभ झालेल्या या कार्यक्रमात एक लाख नौकांवर हे संच मच्छीमारांकडून किंमत न घेता बसवण्याचे ठरले, त्यासाठी सुमारे ३६४ कोटी रुपयांची तरतूद झाली. संच नौकेच्या नोंदणीशी जोडलेला आहे. संकटाचा संदेश आला की किनाऱ्यावरील यंत्रणा त्या नोंदणीवरून मालकाचे नाव व संपर्क काढते. नौका विकल्यावर नोंदणीत बदल न केल्यास वादळात अडकलेल्या नव्या मालकाऐवजी घरी झोपलेल्या जुन्या मालकाचा शोध सुरू होईल. विक्रीपूर्वी मत्स्यव्यवसाय विभागाच्या परवाना अधिकाऱ्यांना लेखी कळवावे, मालकी बदलाची नोंद करून घ्यावी आणि संच काढून वेगळा विकण्याचा विचारही करू नये.

प्रश्न : माझा मुलगा न्यू जर्सीत एका मंदिराच्या विश्वस्त मंडळावर आहे. तेथील केंद्र सरकारकडून मंदिराला सुरक्षेसाठी अनुदान मिळू शकते, पण अटी फार कडक आहेत असे तो म्हणतो. तेथे खरोखर असे असते का? आणि तेथील मंदिराने आमच्या ग्रामदेवतेच्या देवस्थानाला कॅमेऱ्यांसाठी मदत पाठवली तर चालेल का?
— एक ज्येष्ठ वाचक, रत्नागिरी

उत्तर : होय, असते. अमेरिकेच्या अंतर्गत सुरक्षा विभागाखालील फेमा ही संस्था ना-नफा संस्थांसाठी असे अनुदान देते. धर्मादाय संस्थेने अर्ज थेट वॉशिंग्टनला करायचा नसतो. तो राज्याने नेमलेल्या यंत्रणेमार्फत जातो आणि सोबत जागेच्या असुरक्षिततेचे मूल्यमापन जोडावे लागते. मुलाला कडक वाटणारी अट बहुधा पर्यावरण व ऐतिहासिक वारसाविषयक तपासणीची असावी. ती पूर्ण होण्यापूर्वी कुंपणासाठी खड्डा खणला किंवा भिंतीत कॅमेऱ्याचा खिळा ठोकला तरी त्या कामाचा खर्च मिळत नाही. खर्च आधी स्वतः करून नंतर प्रतिपूर्ती मागायची असते, कागदपत्रे अंतिम अहवालानंतर तीन वर्षे जपावी लागतात, आणि वर्षभरातील केंद्रीय अनुदानांचा एकूण खर्च ठरावीक मर्यादेपुढे गेला तर विशेष लेखापरीक्षण लागते. ही मर्यादा साडेसात लाख डॉलर होती. १ ऑक्टोबर २०२४ पासून सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांसाठी ती दहा लाख करण्यात आली आहे.

तेथील एक अट मला विशेष वाटते. राज्यांना मिळणाऱ्या अंतर्गत सुरक्षा अनुदानातील किमान ८० टक्के रक्कम राज्याने ४५ दिवसांत स्थानिक संस्थांना उपलब्ध करून द्यावी, असे बंधन आहे. देणाऱ्यालाही मुदत असावी, हा विचार आपल्याकडेही अपरिचित नाही. वित्त आयोगाचे अनुदान केंद्राकडून आल्यावर राज्याने ते दहा कामकाजाच्या दिवसांत ग्रामपंचायतींना पोहोचवावे, अन्यथा विलंबाचे व्याज द्यावे, अशी अट पंधराव्या आयोगाने घातली होती. जिल्हा पातळीवरून निघणाऱ्या सज्जतेच्या आदेशांतही ती यावी, असे मला वाटते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी समजावे. अमेरिकी अनुदानाचा पैसा त्या जागेसाठीच असतो. मंदिराने स्वतःच्या देणग्यांतून रक्कम पाठवायची म्हटली तरी परदेशी संस्थेकडून आलेली रक्कम ही विदेशी अंशदान ठरते, आणि त्यासाठी तुमच्या देवस्थानाला २०१० च्या विदेशी अंशदान कायद्याखाली नोंदणी व भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेत ठरवून दिलेले खाते लागते. मुलाकडे अजून भारतीय पारपत्र असेल तर त्याने स्वतःच्या बचतीतून दिलेली देणगी या कायद्यात अडकत नाही. तेथील नागरिकत्व घेतले असेल तर अडकते.

प्रश्न : आमच्या गावी शासनाच्या निधीतून चक्रीवादळ निवारा बांधला गेला. उद्घाटन झाले, त्यानंतर इमारतीला कुलूप आहे. वीज तोडली आहे, छतावरील टाकी गळते. किल्ली कोणाकडे याची विचारणा केली तर बांधकाम विभाग ग्रामपंचायतीकडे बोट दाखवतो आणि ग्रामपंचायत म्हणते, इमारत आमच्याकडे हस्तांतरितच झालेली नाही. आम्ही काय करावे?
— ग्रामस्थ, देवगड तालुका

उत्तर : या महिन्यातील पत्रांमध्ये हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. पैसा खाल्ला गेल्यामुळे जितकी सज्जता वाया जाते त्याहून कितीतरी अधिक ती चालू ठेवण्याचा खर्च कोणाच्याच नावावर नसल्यामुळे वाया जाते. अनुदानाच्या आदेशात ‘देखभाल व दुरुस्तीची जबाबदारी संबंधित स्थानिक संस्थेची राहील’ अशी एक ओळ असते. ती एक ओळ स्वीकारताना वीज देयक, टाकीची सफाई, जनरेटरचे डिझेल, रखवालदार यांचा वार्षिक आकडा कोणी मांडत नाही आणि वर्षाला जेमतेम घरपट्टीवर चालणाऱ्या ग्रामपंचायतीने तो आकडा पाहिला असता तर इमारत घेतलीही नसती.

हा दोष केवळ गावपातळीवरचा नाही. केंद्राच्या सागरी सुरक्षा योजनेचा २००५-०६ मध्ये सुरू झालेला पहिला टप्पा पाहावा. त्यात ७३ सागरी पोलीस ठाणी आणि २०४ नौकांची तरतूद होती. भांडवली खर्चासाठी ४०० कोटी आणि आवर्ती खर्चासाठी १५१ कोटी रुपये होते. नौकांचे इंधन, दुरुस्ती आणि कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण यांचा भार केंद्राने पाच वर्षे उचलायचा आणि मनुष्यबळ राज्याने द्यायचे, अशी वाटणी होती. निदान पाच वर्षांचा आवर्ती खर्च तेथे लिहून तरी ठेवला होता. तुमच्या निवाऱ्याच्या कागदांत तेवढेही आहे का, हे आधी शोधावे लागेल.

त्यासाठी माहितीच्या अधिकाराखाली बांधकाम विभागाकडे एक अर्ज करावा आणि चारच कागद मागावेत : प्रशासकीय मान्यतेचा आदेश अटींसह, काम पूर्णत्वाचा दाखला, हस्तांतरणाचे पत्र किंवा हस्तांतरण झाले नसल्यास त्याबाबतचा पत्रव्यवहार, आणि दोषदायित्व कालावधी, म्हणजे बांधकामातील दोष ठेकेदाराने दुरुस्त करून देण्याची मुदत, कोणत्या दिनांकापर्यंत आहे हे दाखवणारे कराराचे पान. अर्जाला दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावावे. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयावर व दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो, त्यामुळे गावाची कैफियत त्यात लिहू नये. उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत आहे. उत्तर न आल्यास पुढील तीस दिवसांत पहिले अपील करावे.

चौथा कागद सर्वांत आधी वाचावा. गळती दोषदायित्व कालावधीत सुरू झाली असेल तर ती दुरुस्त करणे ठेकेदाराचे काम आहे आणि त्याची सुरक्षा अनामत अजून विभागाकडे असते. कालावधी संपण्यापूर्वी ग्रामसभेचा ठराव, गळतीची छायाचित्रे आणि कार्यकारी अभियंत्यांना पत्र एवढे झाले पाहिजे. एकदा अनामत परत गेली की तीच दुरुस्ती ग्रामपंचायतीच्या माथी येते.

हस्तांतरण झालेले नसेल तर घाईने ताबा घेऊ नये. संयुक्त पाहणी मागावी, उणिवांची यादी दोन्ही बाजूंच्या सह्यांनी करावी आणि उणिवा दूर झाल्यावरच ताबा पावतीवर सही करावी. त्याच वेळी सामान्य काळात इमारत कशासाठी वापरायची हे ठरवून घ्यावे. असे निवारे बहुउद्देशीय म्हणून बांधले जातात, ते याच हेतूने की एरव्ही तेथे शाळा, अंगणवाडी, बचत गटांचे काम चालावे आणि दारे-खिडक्या उघडझाप होत राहाव्यात. लग्नकार्यासाठी भाड्याने देता येईल का, हे मान्यता आदेशातील अटींवर ठरेल. परवानगी असल्यास भाडे स्वतंत्र खात्यात ठेवून त्यातून वीज देयक भागवण्याचा ठराव करावा, आणि हवामान विभागाचा इशारा येताच किती तासांत हॉल रिकामा करून द्यावा लागेल, ही अट भाडेपावतीवरच छापून घ्यावी. किल्लीच्या दोन प्रती असाव्यात, एक ग्रामपंचायतीत आणि दुसरी निवाऱ्यापासून पायी पोहोचता येईल अशा घरी. ते घर कोणाचे, याची नोंद तालुक्याच्या नियंत्रण कक्षात मे महिना संपण्यापूर्वी करून ठेवावी.